ॲलर्जीचा उपचार : निर्णय दोघांचा
(संस्थेच्या आरोग्य शिबिरात दिलेले भाषण)



अतिसाराने पडून असलेल्या, कोणी न विचारलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्वच्छ केले, ही विनयपिटकातील कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. त्याच ठिकाणी, महावग्गात, चांगल्या रुग्णाचे पाच गुणही सांगितले आहेत. त्यांकडे मात्र आपले लक्ष जात नाही. औषध घ्यावे, पथ्य पाळावे हे त्यात आहेच; पण दुखणे वाढले, उतरले की तसेच आहे, ते सेवा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगावे, हाही एक गुण आहे. आणि आपण? डॉक्टरांपुढे 'होय साहेब' म्हणून उठतो.

ॲलर्जीत हे गप्प बसणे फार महाग पडते. अपेंडिक्स कापले की प्रश्न मिटला. दमा, सतत वाहणारे नाक, अंगावर उठणारे पित्त हे वर्षानुवर्षे सोबत राहतात आणि त्यांचे कारण बहुधा आपल्याच घरात वा कामावर असते : गिरणीतले पीठ, गादीतील धुळीचे सूक्ष्म किडे, पावसाळ्यात भिंतीला येणारी बुरशी, बांधावरचे गाजरगवत. डॉक्टरांना औषध माहीत असते, आपले घर माहीत नसते.

दम्याचा पंप घ्या. 'एकदा लागला की सुटत नाही' हा समज आपल्या वस्त्यांत घट्ट आहे. म्हणून पंप कपाटात राहतो आणि पुढच्या भेटीत आपण 'घेतो' म्हणून सांगतो. वस्तुतः पंपातील स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असते व थेट श्वासनलिकेत जाते. गोळीतील स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये असते व सर्व शरीरात फिरते. भीती वाटते तर तसे बोलावे. परवडत नाही, तेही बोलावे. त्यात कमीपणा कसला?

मुलांना सर्रास दिले जाणारे माँटेल्युकास्ट पाहा. काहींना त्याने वाईट स्वप्ने, चिडचिड, नैराश्य येते, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, असा ठळक इशारा २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर छापायला लावला. आईला हे आधी सांगितले नसेल, तर मूल रात्री ओरडत उठल्यावर ती औषधाचा विचार करणार नाही. 'बाहेरचे झाले' म्हणून भगताकडे जाईल. धम्म स्वीकारूनही हे आपल्यातून पुरते गेलेले नाही. असे काही दिसले तर ते औषध थांबवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

चाचण्यांचेही तसेच. रक्तात अंडे 'पॉझिटिव्ह' आले म्हणजे अंड्याची ॲलर्जी सिद्ध झाली असे नव्हे. मूल आजवर अंडे खाऊन ठणठणीत असेल तर ते सांगितलेच पाहिजे. नाहीतर गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन एका कागदापायी जाते. ॲलर्जीची इंजेक्शने तीन ते पाच वर्षे घ्यावी लागतात, प्रत्येक वेळी अर्धा तास दवाखान्यात थांबावे लागते. कामाचा खाडा रोजंदारीवाल्याचा होतो. तेव्हा सुरू करायचे की नाही, यात त्याचा शब्द हवाच.

बँकेत आम्ही कर्जदाराला सांगतो, न वाचता सही करू नका. २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे, की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके सांगूनच रुग्णाची संमती घ्यावी.

अर्थात, घसा सुजून श्वास अडकला तर चर्चा नको, ॲड्रेनालिनच हवे. आणि 'सुईच द्या' असा हट्ट धरणे म्हणजेही सहभाग नव्हे. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना वेळ थोडा असतो, हे खरे. म्हणून त्रास केव्हा होतो, कशाने होतो आणि आपली शंका काय, एवढे चिठ्ठीवर लिहून न्यावे. हे काम विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या आजीआजोबांसाठी सहज करावे.

कार्यकारिणीला एक विनंती. वंदनेच्या वेळी बंद सभागृहात अगरबत्त्यांचे पुडे जळतात आणि दम्याची माणसे दाराशी जाऊन बसतात. खिडक्या उघडाव्यात, अगरबत्ती एखादीच लावावी, आणि त्यांना विचारून ठरवावे.

जयभीम. नमो बुद्धाय.