घर बांधताना आगीचा विचार



वसंतातील व्याख्यानांना आपण येता ते साहित्य, इतिहास, अध्यात्म यांविषयी चार शब्द ऐकावेत म्हणून. त्या पंक्तीत आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल. परंतु दरवर्षी १४ एप्रिलपासून आपल्या देशात अग्निशमन सप्ताह पाळला जातो, तो नुकताच होऊन गेला आहे. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवर आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटके होती. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असतानाच मृत्यू पावले. या माणसांचे स्मरण आपण वर्षातून एकदा करतो. ज्या आगी आपल्याला टाळता येतील त्या टाळाव्यात, असा विचार त्या स्मरणाला जोडला, तर ते खरे स्मरण होईल. अशा टाळता येण्याजोग्या आगींपैकी एक प्रकार मी आज निवडला आहे. तो म्हणजे बांधकाम चालू असलेल्या किंवा दुरुस्तीला काढलेल्या इमारतीची आग.

आपण म्हणाल, जळण्यासारखे सामान तर राहत्या घरात असते. विटा, वाळू आणि सिमेंट यांना आग कशी लागणार? सामान्य समज असा आहे खरा, पण तो बरोबर नाही. पुरी झालेली इमारत आणि अपुरी इमारत यांची तुलना करून पाहा. पुऱ्या इमारतीत जिन्याला दार असते, मजल्या-मजल्यांमध्ये अडसर असतो, नळाला पाणी असते, धूर झाला तर इशारा देणारी यंत्रणा असते. अपुऱ्या इमारतीत यांतले काहीही झालेले नसते. जिना उघडा असतो, लिफ्टची पोकळी तळापासून माथ्यापर्यंत मोकळी असते, म्हणजे आगीला आयते धुराडेच मिळते. पाण्याचा नळ वरच्या मजल्यावर पोचलेला नसतो. उलट जळणाला तोटा नसतो. सेंटरिंगच्या फळ्या, बांबूची परांची, तिच्यावरची हिरवी जाळी, ताडपत्र्या, फोमच्या पाट्या, रंगाचे आणि थिनरचे डबे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, सुताराच्या रंध्याखालून पडलेला कीस, हे सर्व तेथे हजर असते. शिवाय वेल्डिंग, गॅस कटर, डांबर तापवण्याची भट्टी आणि मजुरांच्या चुली, म्हणजे विस्तवही हजर. इमारतीच्या साऱ्या आयुष्यात जळण सर्वांत जास्त आणि संरक्षण सर्वांत कमी असा काळ हाच होय. तिची डागडुजी निघते तेव्हा हाच काळ पुन्हा येतो.

हे विधान मी नुसत्या तर्काने करीत नाही. चार उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे. १९९१ च्या २३ फेब्रुवारीला, शनिवारी रात्री, ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीच्या २२ व्या मजल्यावर आग लागली. तेथे लाकडी तावदानांना जवसाचे तेल चोळण्याचे काम चालले होते. कामगार तेलात भिजलेल्या चिंध्या तशाच टाकून घरी गेले. कोणी काडी ओढली नव्हती. मग आग लागली कशी? जवसाचे तेल वाळते म्हणजे हवेतील प्राणवायूशी संयोग पावते, आणि या क्रियेत उष्णता निर्माण होते. चिंधी पसरून ठेवली तर ती उष्णता हवेत निघून जाते. बोळा करून टाकली तर ती आतच कोंडते, वाढत जाते आणि शेवटी चिंधी आपोआप पेट घेते. त्या रात्री आठ मजले जळाले आणि तीन अग्निशामक जवान मेले. आग थांबली ती ३० व्या मजल्यावर. तेथे एका भाडेकरूने छतात पाण्याचे फवारे बसवून घेतले होते, आणि त्यांतले दहा फवारे सुटताच आगीची वाट अडली. चिंध्यांसाठी झाकणाचा एक लोखंडी डबा आणि त्यात थोडे पाणी एवढ्यावर जे निभावले असते, ते असे महागात पडले.

दुसरे उदाहरण शांघाय शहराचे. २०१० च्या १५ नोव्हेंबरला २८ मजली राहत्या इमारतीच्या भिंतींना बाहेरून उष्णतारोधक आवरण बसवण्याचे काम चालले होते. वेल्डिंग करणाऱ्यांजवळ परवाना नव्हता. ठिणग्या खाली पडल्या, त्यांनी परांचीवरची नायलॉनची जाळी आणि फोम पेटला, आणि ५८ माणसे मेली.

तिसरे उदाहरण याच प्रकारचे, पण आणखी भीषण. हाँगकाँगमधील ताई पो भागात ‘वांग फुक कोर्ट’ ही आठ उंच इमारतींची वसाहत दुरुस्तीला काढली होती. बाहेर बांबूची परांची, तिच्यावर जाळी आणि खिडक्यांवर फोमच्या पाट्या होत्या. २०२५ च्या २६ नोव्हेंबरला एका इमारतीच्या परांचीला आग लागली आणि आठांपैकी सात इमारती पेटल्या. दीडशेहून अधिक माणसे दगावली. जाळीचे काही नमुने पुढे तपासले, ते ज्वालारोधक मानकाला उतरले नाहीत. इमारतींतील आगीच्या इशाऱ्याची यंत्रणाही नीट चाललेली नव्हती. ही माणसे आपल्या घरात बसलेली होती, हे लक्षात घ्या. दुरुस्तीचे काम दुसऱ्याचे होते, मरण मात्र त्यांचे होते.

चौथे उदाहरण पॅरिसच्या नोत्र दाम या प्राचीन प्रार्थनामंदिराचे. २०१९ च्या १५ एप्रिलला, शिखराची डागडुजी चालू असताना, छपराचे मध्ययुगीन ओकचे लाकूड पेटले आणि शिखर कोसळले. आगीचे नेमके कारण ठरवता आलेले नाही. परांचीवर मनाई असूनही काही कामगार सिगारेट ओढत, हे पुढे आले, पण आग त्यानेच लागली असे सिद्ध झाले नाही. परंतु एक गोष्ट पक्की आहे. इशाऱ्याचे यंत्र वेळेवर वाजले होते. यंत्राने दाखवलेली जागा समजून घेण्यात घोटाळा झाला, आणि पाहायला गेलेला माणूस भलत्याच माळ्यावर गेला. सुमारे अर्धा तास असा वाया गेला. मंदिर पुन्हा उघडायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. म्हणजे यंत्र असून भागत नाही, ते काय सांगते हे कळणारा माणूस हवा.

आता प्रतिबंधाकडे वळू. आपल्या वास्तुशांतीचा विधी डोळ्यांसमोर आणा. नव्या घरात आपण अग्नीला बोलावतो, पण कसे? त्याला विटांच्या कुंडात बसवतो, म्हणजे मर्यादा घालतो. जवळ पाण्याने भरलेला कलश असतो. यजमान विधी पुरा होईपर्यंत जागेवरून उठत नाही. मर्यादा, पाणी आणि पहारा, या तीन गोष्टी ज्याच्या अंगवळणी आहेत त्याला बांधकामावरील विस्तवाचे शास्त्र नव्याने शिकवायला नको.

वेल्डिंगचेच पाहा. लोखंड वितळते ते १५०० अंश सेल्सियसच्या पुढे. त्याचा एक लालभडक थेंब फटीतून खालच्या मजल्यावर जातो, भुशात किंवा फोममध्ये शिरतो आणि तासभर गुपचूप धुमसत राहतो. म्हणून मर्यादा अशी की कामाच्या चहूबाजूंनी ३५ फुटांपर्यंत जळणारी वस्तू ठेवू नये, हलवता येत नसेल तर न पेटणाऱ्या कापडाने झाकावी, आणि जमिनीतल्या फटी व भोके बुजवावीत. पाणी आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. आणि पहारा असा की एक माणूस केवळ ठिणग्यांकडे पाहण्यासाठी उभा करावा, त्याच्याकडे दुसरे काम देऊ नये. काम संपल्यावरही त्याने थांबायचे. अमेरिकेतील प्रमाणसंहितेत ही थांबण्याची मुदत अर्धा तास होती, ती २०१९ साली एक तास करण्यात आली. असे प्रत्येक काम लेखी परवानगीवाचून सुरू होऊ नये, आणि दिवस मावळताना तर मुळीच नको. कारण पहारेकरी घरी जातो आणि ठिणगी मागे राहते.

दुसरी गोष्ट तात्पुरत्या विजेची. उघड्या तारा प्लगशिवाय भोकांत खुपसायच्या आणि काडीने घट्ट करायच्या, हे दृश्य कोणाला अपरिचित आहे? तेथे तार तापते, ठिणगी उडते. वायरमनकडून रीतसर जोडणी करून घ्यावी, गळती होताच प्रवाह तोडणारे साधन बसवावे, आणि संध्याकाळी मुख्य बटण बंद करावे. तिसरी गोष्ट थिनरची. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत दूरच्या विस्तवापर्यंत पोचते. त्या दिवशी लागेल तेवढाच डबा वर न्यावा. चौथी गोष्ट कचऱ्याची, आणि ती सर्वांत स्वस्त. कीस, पिशव्या आणि चिंध्या रोज संध्याकाळी खाली उतरवल्या, तर अर्धे काम झाले.

एवढे करूनही आग लागेलच, असे समजून तयारी ठेवावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रसंग नव्हे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतीच्या बांधकामासाठी स्पष्ट सांगितले आहे की निदान १०० मिलिमीटर व्यासाचा उभा नळ बांधकामाबरोबर वर चढत जावा आणि बांधून झालेल्या मजल्यांवर त्याला तोट्या असाव्यात. खालून बंबाने पाणी चढवण्याची सोय हवी. प्रत्येक मजल्यावर २००० लिटर पाण्याची पिंपे आणि दोन बादल्या, आणि आवारात निदान २०,००० लिटरची टाकी हवी. हीच टाकी बांधकामाच्या पाण्यासाठीही वापरता येते. म्हणजे खर्च पुष्कळ वाढतो ही तक्रार फारशी टिकत नाही. विटा भिजवायला पाणी लागतेच, ते थोडे शिल्लक ठेवायचे एवढेच.

पाण्याइतकीच वाट महत्त्वाची. निदान एक जिना फळ्या आणि गोणी यांपासून मोकळा राहिला पाहिजे. बंबाला आत शिरता येईल अशी जागा फाटकापाशी हवी, तेथे वाळूचा ढीग नको. कोणत्या मजल्यावर किती माणसे आहेत याची नोंद मुकादमाकडे असावी, नाहीतर ‘आत कोणी राहिले का?’ या प्रश्नाला उत्तर नसते. घंटा किंवा भोंगा असा असावा की यंत्रांच्या खडखडाटातही ऐकू यावा. आणि आग दिसताच प्रथम १०१ किंवा ११२ वर कळवावे, मग विझवायला धावावे. ‘आधी आपण पाहू, मग बोलावू’ या वृत्तीने जितकी नुकसानी केली असेल तितकी वाऱ्यानेही केली नसेल. महिन्यातून एकदा सर्वांना जिन्याने उतरवून पाहिले, तर कुठे अडते ते आपोआप कळते.

आता मुख्य प्रश्न. हे सर्व करायचे कोणी? मालक म्हणतो, ठेकेदार पाहील. ठेकेदार म्हणतो, वेल्डिंगवाला पोटठेकेदार पाहील. तो म्हणतो, मी रोजंदारीचा माणूस, मला सांगितले ते केले. पाच जणांची जबाबदारी ती कोणाचीच नाही. या साखळीच्या अगदी शेवटी उभा असतो तो मजूर. तो आपल्या बायकामुलांसह त्याच आवारात पत्र्याच्या खोपटात राहतो, शेजारी ताडपत्री असते आणि पुढे चूल पेटलेली असते. आग लागली की पहिला जळतो तो, आणि नियम ठरवताना त्याला कोणी विचारलेले नसते. इमारत कामगारांच्या सुरक्षिततेसाठी १९९६ साली केंद्र सरकारने स्वतंत्र कायदा केला. परंतु कायदा जागेवर येऊन उभा राहत नाही. तेथे माणूसच उभा करावा लागतो.

आणि तो उभा करण्याचा अधिकार आपला आहे. या सभेतील बहुतेक मंडळी कधी ना कधी मालक होणार आहेत. कोणी जुन्या वाड्याचे सागवानी माळवद उतरवील, कोणाची सोसायटी गच्चीवर ज्वाळेने डांबरी थर चिकटवून घेईल, कोणाची इमारत रंगासाठी जाळीत गुंडाळली जाईल. त्या दिवशी करारपत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. आगीसाठी जबाबदार असा एक माणूस कोण, त्याचे नाव लिहून द्या. विस्तवाचे काम कोणाच्या परवानगीने होईल आणि नंतर पहारा कोण देईल? जाळी ज्वालारोधक असल्याचा दाखला कुठे आहे? आणि मजुरांची चूल कुठे असेल? दर ठरवताना आपण चौरस फुटामागे एका रुपयासाठी घासाघीस करतो. त्यातली पाच मिनिटे या चार प्रश्नांना द्या.

उत्तरे मिळाली नाहीत तर सही करू नका. घर थोडे उशिरा पुरे होईल, पण ते बांधणारे हात आणि त्यात राहणारी माणसे गृहप्रवेशाच्या दिवशी सुखरूप असतील.