शिकवलं ते पोचलं का, हे विचारायचं कुणी?

(उच्च शिक्षणावरील चर्चासत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यापीठातल्या अध्यापनाचा दर्जा आणि विद्यार्थ्यांचा शिकण्याचा अनुभव, असा विषय मला दिला आहे. मी प्राध्यापक नाही. अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करते. मग या विषयावर मी का बोलावं? दोन कारणं आहेत. नव्याने पदवी घेऊन आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेण्याचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. आणि रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या कॉलेजच्या मुलांना मी प्रोग्रामिंग शिकवते. दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. मुलं मेहनती आहेत, व्याख्या तोंडपाठ आहेत, गुणही बरे आहेत. पण पाच ओळींचा प्रोग्राम समोर ठेवून "हा चालवला तर काय उत्तर येईल?" असं विचारलं की समोरचा चेहरा उतरतो.

याचं खापर कुणी मोबाइलवर फोडतं, कुणी आरक्षणावर, कुणी "हल्लीच्या पोरांवर". मला ते पटत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : आपल्या वर्गात शिकवणाऱ्याला, मुलांना काय समजलं नाही याची खबर वेळेवर मिळतच नाही. ती मिळते निकालाच्या दिवशी, आणि तोवर सत्र संपलेलं असतं. ही खबर सत्र चालू असताना मिळण्याची सोय करणं, हाच दर्जा सुधारण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

ही अवस्था आजची नाही. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं स्थापन झाली, ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. लंडन विद्यापीठ तेव्हा शिकवत नव्हतं, परीक्षा घेऊन पदव्या देत होतं. आपल्याकडेही तेच झालं. शिकवायचं महाविद्यालयांनी, अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका ठरवायची विद्यापीठाने. पुढे विद्यापीठांत स्वतःचे विभाग सुरू झाले, पुण्याचं विद्यापीठ १९४९ साली आलं, पण बहुसंख्य विद्यार्थी आजही संलग्न महाविद्यालयांतच शिकतात. त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे वेळापत्रक, हॉल तिकीट आणि मार्कशीट. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची पद्धत एकदम सगळीकडे लागू केली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. निकाल रखडले म्हणून राज्यभर गदारोळ झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण शिकवणं रखडलं म्हणून असा गदारोळ झाल्याचं कुणाला आठवतं का? जे मोजलं जातं त्याचीच चिंता होते.

आता वर्गात काय होतं ते एका उदाहरणाने सांगते. प्रोग्रामिंगच्या पहिल्या आठवड्यातला प्रश्न आहे. फळ्यावर तीन ओळी लिहा :

क = ५
ख = क
क = ७

आता ख ची किंमत किती?

बरोबर उत्तर ५. पण बरीच मुलं ७ सांगतात. काही म्हणतात, हे चूकच आहे, क एकाच वेळी ५ आणि ७ कसा असेल? ही उत्तरं मूर्खपणाची नाहीत. शाळेच्या बीजगणितात 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे कायमचं नातं. ख बरोबर क, म्हणजे क बदलला की ख बदलणारच. मुलाने शाळेत शिकलेलं प्रामाणिकपणे इथे वापरलं, एवढंच. प्रोग्रामिंगमध्ये मात्र त्या चिन्हाचा अर्थ 'उजवीकडची किंमत आत्ता डावीकडच्या खणात ठेव' असा आहे. ख मध्ये ५ ठेवला गेला. नंतर क मध्ये काही का येईना, ख ला त्याचा पत्ता नाही.

हा खुलासा करायला दोन मिनिटं लागतात. पण हा प्रश्न विचारलाच नाही तर? मग तो मुलगा हीच समजूत घेऊन पुढे जातो. पुढे लूप येतं, फंक्शन येतं, पॉइंटर येतो. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं अडतं. एक दिवस तो ठरवतो की आपल्याला हे जमणार नाही, पाठ करून पास होऊ. 'समजलं का?' असं विचारल्यावर सगळा वर्ग मान हलवतो आणि सर पुढच्या युनिटकडे जातात. यात सरांचं मन वाईट नाही आणि मुलगा आळशी नाही. दोघांमध्ये खबर पोचवणारा रस्ताच नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांची व्याख्यानं विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेत मुलं अवघड गणितंही सोडवत. १९९०च्या सुमारास त्यांनी न्यूटनच्या नियमांवरची, आकडेमोड नसलेली, साध्या भाषेतली एक चाचणी आपल्या वर्गाला दिली. मूळ कल्पनाच अनेकांना समजलेल्या नाहीत, असं त्यातून निघालं. तेव्हा त्यांनी पद्धत बदलली. थोडा वेळ शिकवायचं, मग एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं. मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं, आणि पुन्हा उत्तर द्यायचं. बहुतेकांना आलं तर पुढे जायचं, फारच थोड्यांना आलं तर पुन्हा समजावायचं.

अशा पद्धतींवर बरंच संशोधन झालं आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं. मुलांना वर्गातच विचार करायला लावणाऱ्या पद्धतींत ते सुमारे २२ टक्क्यांवर आलं. मी हा आकडा वाचते तेव्हा मला आपल्याकडची एटीकेटीची यादी आठवते. 'ईयर डाऊन' झालेल्या मुलाच्या घरी एका वर्षाचा अर्थ काय असतो, हे इथल्या पालकांना मी सांगायला नको. फी, खोलीभाडं, शिष्यवृत्तीचा खोळंबा. आणि मुलगी असेल तर "पुरे झालं आता शिक्षण" म्हणणारे नातेवाईक. अशा घरातून शिक्षण सोडणारं मूल पुढे कुठल्या यादीत दिसत नाही.

एक सावधगिरीही सांगते. हार्वर्डमध्येच झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की विचार करायला लावणाऱ्या वर्गातल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, पण चाचणीत तीच मुलं जास्त शिकलेली निघाली. डोक्याला ताण पडतो तेव्हा शिकणं होत असतं, पण ते सुखाचं वाटत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनो, एखादे सर नोट्स उतरवून देण्याऐवजी प्रश्न विचारत असतील, तर "हे शिकवतच नाहीत" अशी तक्रार करण्याआधी महिनाभर धीर धरा.

प्राध्यापक मंडळींच्या मनात आता काय चाललंय ते मला कळतंय. माझ्या बरोबरीच्या अनेक मैत्रिणी याच पेशात आहेत. वर्गात सत्तर मुलं. सिलॅबस संपवायचा आहे. नॅकच्या, मूल्यांकनाच्या फायली भरायच्या आहेत. आणि शिकवणारे निम्मे तासिका तत्त्वावर, ज्यांना जेवढे तास तेवढेच पैसे आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. हे सगळं खरं आहे. वर्षानुवर्षं पदं रिकामी ठेवायची आणि दर्जाची जबाबदारी तासाच्या पैशांवर राबणाऱ्या माणसाच्या गळ्यात घालायची, हा अन्याय आहे. रिक्त पदं कायमस्वरूपी भरा, ही मागणी मी सांगते आहे त्या कुठल्याही उपायाने मागे पडता कामा नये.

पण भरती होईपर्यंत आज वर्गात बसलेल्या मुलाने थांबायचं का? तासात एक प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. चार पर्याय द्या आणि मुलांना छातीजवळ एक ते चार बोटं धरायला सांगा. शेजाऱ्याला दिसत नाही, तुम्हाला मात्र सत्तर उत्तरं एका नजरेत दिसतात. सिलॅबसचं म्हणाल, तर व्याख्यानं आता घरबसल्या मिळतात. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने २००३पासून उभ्या केलेल्या एनपीटीईएलवर ती फुकट आहेत. ऐकण्याचं काम घरी होऊ शकतं. आपल्या शंकेला तोंड देणारं माणूस मात्र वर्गातच भेटतं. तो वेळ लिहून घेण्यात घालवणं परवडणारं नाही.

यात भाषेचा मोठा प्रश्न आहे. आपल्याकडे मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेलं मूल इंग्रजी वर्गात गप्प बसतं, आणि त्याच्या गप्प बसण्याला आपण 'बेसिक कच्चं आहे' म्हणतो. एआयसीटीईने २०२१मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, त्यात मराठीही होती. सगळी पदवी मराठीत असावी का, यावर मतभेद असू शकतात. पण शेजाऱ्याला उत्तर पटवून देताना मुलांनी आपल्या घरच्या भाषेत बोलावं, पारिभाषिक शब्द इंग्रजीत ठेवावेत, यासाठी कुठल्या परिपत्रकाची गरज आहे? आमच्या रविवारच्या वर्गात क आणि ख चं भांडण मराठी, दखनी, हिंदी अशा सगळ्या भाषांत होतं, आणि चार शब्द न बोलणाऱ्या मुली तिथे हिरिरीने वाद घालतात.

वेळेचंही तसंच. जादा तास सहा वाजता ठेवला की गावाकडची एसटी धरणाऱ्या मुली आपोआप गळतात. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलाला रात्री आठपर्यंत उघडं ग्रंथालय मिळालं, तर तोही दर्जाच आहे.

तपासलेल्या उत्तरपत्रिकेबद्दल एक गोष्ट. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की माहितीच्या अधिकारात विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. आपण हा हक्क वापरतो तो गुण वाढवून घेण्यासाठी. तो शिकण्यासाठीही वापरता येईल. निदान महाविद्यालयात होणाऱ्या सत्रांतर्गत चाचणीची उत्तरपत्रिका आठवड्याभरात हातात यावी, आणि सर्वांत जास्त मुलं जिथे चुकली त्या तीन प्रश्नांवर पुढचा एक तास व्हावा.

विद्यार्थ्यांचा अभिप्राय आपण घेतो तो सत्राच्या शेवटी, एक ते पाच गुणांच्या छापील फॉर्मवर. त्या फॉर्मचा त्या मुलांना काय उपयोग? चौथ्या आठवड्यात, नाव न लिहिता, दोनच प्रश्न विचारा : सगळ्यात कमी काय समजलं, आणि कशाने मदत होईल? पुढच्या तासाला शिक्षकाने सांगावं की यातलं मी हे बदलणार, हे बदलता येणार नाही, आणि का. त्या कागदांचा शिक्षकाच्या बढतीशी किंवा कंत्राटाशी काहीही संबंध नसावा. नाहीतर दोन्ही बाजू खोटं लिहायला शिकतात.

हे कुणाकडे मागायचं? त्याची जागा कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असायला हवी. तिच्यात शिक्षकांचे प्रतिनिधी, विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी आणि स्थानिक सदस्य असतात, त्या स्थानिकांत किमान एक माजी विद्यार्थी. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. आपल्या महाविद्यालयाच्या समितीवर कोण आहे, हे इथल्या किती जणांना माहीत आहे? उद्या प्राचार्यांना अर्ज देऊन एवढंच विचारा : समितीचे सदस्य कोण, गेल्या वर्षी बैठका किती झाल्या, आणि त्यांत शिकवण्याच्या विषयावर काय ठरलं.

ते उत्तर घेऊन पुढच्या बैठकीआधी चार मागण्या द्या. प्रत्येक तासाला निदान एक प्रश्न, चौथ्या आठवड्यात निनावी अभिप्राय, आठवड्याभरात चाचणीचा कागद परत, आणि उशिरापर्यंत उघडं ग्रंथालय. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. चौथीला एका माणसाचा पगार आणि विजेचं बिल लागतं. पाचवी मागणी, रिक्त पदांची, सरकारकडे आहे, आणि त्या अर्जावर प्राध्यापकांबरोबर पालकांच्याही सह्या असाव्यात.

अर्जाचा नमुना मी मराठीत आणि उर्दूत करून आणला आहे. चहाच्या टेबलाजवळ ठेवला आहे, जाताना घेऊन जा. एवढं सगळं बोलून मीही व्याख्यानच दिलं. म्हणून आता प्रश्न तुमचे. मागच्या रांगेपासून सुरू करू या.