चाळिशीनंतर चालणे हवे, बळही हवे



चाळिशी उलटलेल्या मनुष्याला आरोग्याविषयी पहिला सल्ला मिळतो तो रोज चालण्याचा. हा सल्ला योग्य आहे; परंतु अपुरा आहे. चालण्याने दम वाढतो; मात्र वयोमानानुसार झिजणारे स्नायू केवळ चालण्याने भरून येत नाहीत.

जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात. स्नायू हे जणू शरीराचे कोठार होय. जोर, बैठका यांसारख्या ताकदीच्या व्यायामाने हे कोठार टिकते आणि वाढते. भरभर चालणे, सायकल चालविणे, पोहणे अशा दमाच्या व्यायामाने त्यातील साठा खर्च करण्याची शक्ती वाढते. म्हणून दोहोंची सांगड आवश्यक ठरते.

कॅनडातील २५१ मधुमेही स्त्रीपुरुषांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ही माणसे ३९ ते ७० वर्षे वयाची होती. दोन्ही व्यायाम करणाऱ्या गटाची साखर सर्वांत अधिक उतरली. या गटाने एकूण व्यायामच अधिक केला होता, हा आक्षेप रास्त होता. त्यास उत्तर मिळाले ते अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील २६२ जणांच्या प्रयोगातून. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात व्यायामाचा वेळ सर्व गटांना साधारण सारखाच होता. नऊ महिन्यांनंतर, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, साखरेच्या सरासरीत निश्चित सुधारणा दिसली ती केवळ दोन्ही व्यायाम करणाऱ्यांत.

भारतीयांना याचे महत्त्व विशेष आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये, हाच याचा बोध. देशात १० कोटींहून अधिक लोक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत व्यक्त झाला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सुचविला. पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. दोन दिवस बैठका माराव्यात, भिंतीला हात टेकून जोर काढावेत, भरलेली कळशी उचलावी. प्रारंभ थोड्याने करावा आणि वजन उचलताना श्वास कोंडू नये. हृदयविकार, रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

यास मोठा खर्च लागत नाही. शाळेचे पटांगण सकाळी तासभर खुले राहिले, गावच्या तालमीत प्रौढांना आणि स्त्रियांनाही स्थान मिळाले, तरी पुष्कळ साधेल. शिक्षक, ग्रामसेवक आणि सरपंच स्वतः पटांगणात उतरले, तर गाव त्यांच्या मागून आल्यावाचून राहणार नाही.