क्षेत्र जुळले, माती गेली



भूकरमापक म्हणून नोकरीला लागलो, तेव्हाची एक मोजणी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दोन सख्ख्या भावांचा बांधावरून वाद होता. टिपण काढले, साखळी टाकली, जुने दगड शोधले. दोघांचे क्षेत्र गुंठ्यासकट जुळले. बांधही जागच्या जागी होता. हद्दीची खूण रोवायला वरच्या वावरात पहार मारली, तर वीतभर खाली मुरूम लागला. थोरला भाऊ म्हणाला, "वडील होते तेव्हा हितं पहार निम्मी आत जायची." मी 'क' प्रत तयार केली. तिच्यात लांबी होती, रुंदी होती. माती गेल्याचे लिहायला रकाना नव्हता.

आज अध्यक्ष म्हणून मला जे सांगायचे आहे, ते त्या न लिहिलेल्या रकान्याविषयी आहे.

असा रकाना आपल्याकडे कधी नव्हताच, असे मात्र नाही. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830च्या दशकात इंदापूर तालुक्यातून जी मोजणी सुरू केली आणि जिचे नियम 1847च्या संयुक्त अहवालात पक्के झाले, तिच्यात शेताचे नुसते क्षेत्र काढत नसत. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात मातीची खोली हाताने मोजत. पावणेदोन हात खोल, चांगली काळी जमीन असली तर सोळा आणे प्रत. चुनखडी, रेती, उतार असे दोष असले की प्रत उतरे. हेतू सरकारी सारा ठरवण्याचा होता आणि त्या साऱ्याने शेतकरी नाडलाही गेला, हे मी विसरत नाही. पण त्या प्रतबंदीमुळे एक गोष्ट नकळत घडली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या शेतांत माती किती होती, याची नोंद झाली. पुढे आपण हद्दी पुन्हापुन्हा मोजल्या. साखळी गेली, फलक गेला, आता रोव्हर आणि ड्रोन आले. खोली मात्र पुन्हा मोजायला फारसे कोणी गेले नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे ठरवली. पहिल्या उद्दिष्टात जमिनीवरचा हक्क आहे, पंधराव्यात जमिनीचा ऱ्हास थांबवणे आहे. आपल्याकडे पहिले महसूलचे काम आणि दुसरे मृद व जलसंधारणचे. दोन खाती, दोन कागद. शेत मात्र एकच.

खरे तर आपल्या सातबाऱ्यातच हे दोन्ही एकत्र आहे. सात म्हणजे जमीन कोणाची, बारा म्हणजे त्या जमिनीत काय चालले आहे: पीक, पडीक, पाण्याचे साधन. आपले सगळे लक्ष सातकडे. फेरफार, वारस, बोजा, हरकती. बारा कित्येकदा मागच्या वर्षावरून पुढे उतरवला जाई, हे या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटोसह नोंद करतो आहे. मोबाइलची रेंज, वृद्ध शेतकरी, ऐन कामाचे दिवस या अडचणी खऱ्या आहेत. तरीही बारा जिवंत करण्याचा गेल्या कित्येक वर्षांतला हा सर्वांत मोठा प्रयत्न आहे, असे मी मानतो. अशा नोंदी गाव कसे वापरू शकते, हे हिवरेबाजारने दाखवले: गावचा पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवली. शेतीसाठी बोअर नाही, उसाला पाणी नाही, हे गावाने ठरवले आणि पाळले. गावचे बारा नीट भरले गेले तर असा ताळेबंद मांडण्याची निम्मी सामग्री प्रत्येक गावाच्या हातात येईल.

आता साताविषयी एकच दुखणे सांगतो. खंडाने, बटईने जमीन कसणारा माणूस आपल्या कागदावर दिसत नाही. 1948च्या कुळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 रोजी कुळे मालक मानली गेली. ते न्यायाचेच झाले. पण जमीन कुळाची होईल या धास्तीने आजही मालक खंडाचा कागद करत नाही. व्यवहार तोंडी, वर्षापुरता. मग पुढच्या साली जे वावर आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नाही, त्यात शेणखत कोण टाकील? ताल कोण घालील? गारपिटीची भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते, नुकसान कसणाऱ्याचे होते. नीती आयोगाने 2016 मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला. मालकाचा हक्क अबाधित ठेवून लेखी, बहुवर्षीय खंडाची नोंद घेता येईल अशी तरतूद आपल्या राज्यात व्हावी, असा ठराव या परिषदेने करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मातीची धूप थांबवायची तर सुरुवात या नोंदीपासून करावी लागेल.

आणि सामाईक जमिनी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबू स्वतः तोडला, स्वतः विकला, आणि जंगलही राखले. हक्काचा कागद हाती आल्यावर गाव पन्नास वर्षांपुढचा विचार करू लागते. गायरानांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात अतिक्रमणे काढण्याचा स्पष्ट निर्णय देऊनही आपल्या बहुतेक गायरानांची हद्द जमिनीवर कुठे आहे, हे गावालाच सांगता येत नाही. ती मोजणी कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता आपण हाती घेतली पाहिजे.

शेवटी एक काम. प्रत्येक तालुक्यातून एक गाव निवडा. अभिलेख कक्षातून त्या गावच्या प्रतबंदीची कागदपत्रे काढा. त्यातल्या दहा शेतांत जाऊन, मालकाच्या आणि कसणाऱ्याच्या समोर खड्डा घ्या, खोली मोजा आणि जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहा. मी पावसाळा सरल्यावर त्या दोन भावांच्या गावापासून सुरुवात करणार आहे. वरचे वावर आता थोरल्याची सून कसते. तिला मी तसा निरोप धाडला आहे.