मुलांपाशी परदेशी राहताना : आजारपण आणि विमा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



समूहगान आणि नाट्यछटा यांच्या मध्ये विम्यासारखा रुक्ष विषय घेऊन कोणी उभे राहावे, असे आपणांपैकी काही जणींच्या मनात आले असेल. परंतु आपल्या सभासद भगिनींपैकी किती जणींची मुले अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात किंवा इंग्लंडात आहेत, हे आपण जाणताच. निवृत्तीनंतर सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे, असा संसार पुष्कळ घरांतून चालू आहे. जाण्याची तयारी महिनाभर चालते. मेतकूट होते, गोडा मसाला होतो, नातवंडांसाठी कपडे शिवून होतात. विम्याचा कागद मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात मुलाने किंवा जावयाने काढून पाठविलेला असतो आणि तो न वाचताच पिशवीत जातो. मी नोकरीची बरीच वर्षे विमा कचेरीत, दाव्यांच्या विभागात काढली. न वाचलेल्या कागदांपायी होणारे रडणे मी पुष्कळ पाहिले आहे, म्हणून आज बोलते.

पहिली गोष्ट अशी की, आपला येथला आरोग्यविमा सामान्यतः भारतातल्या उपचारांपुरताच असतो. विमान उडाले की तो मागे राहिला. सत्तरी उलटलेल्या सर्वांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले, तेही येथल्याच रुग्णालयांसाठी. “पण मुलाच्या ऑफिसचा विमा आहे ना?” असे पुष्कळ जणी विचारतात. अमेरिकेत नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यात नवरा, बायको आणि मुले येतात. आईवडील सहसा येत नाहीत. आपल्याकडे मालकाच्या विम्यात आईवडिलांना घेण्याची रीत आहे, म्हणून आपली अशी समजूत होते.

आता खर्चाचे बोलू. अमेरिकेच्या सरकारी विमाबाजाराच्या माहितीतच तीन दिवस रुग्णालयात राहण्याचा सरासरी खर्च सुमारे ३०,००० डॉलर सांगितला आहे. म्हणजे आपले पंचवीस लाखांच्या वर. एखाद्या शिक्षिकेची निवृत्तीच्या वेळची सगळी पुंजी तीन दिवसांत!

पाहुण्यांच्या व्हिसावर, म्हणजे ज्याला बी-टू म्हणतात त्यावर, अमेरिकेत जाणाऱ्याने विमा घेतलाच पाहिजे असा नियम नाही. त्यामुळे न घेताही जाता येते, आणि तेथेच पाय घसरतो. तेथल्या सरकारी विमाबाजारातली पॉलिसीही पाहुण्यांना घेता येत नाही. उरतो तो पाहुण्यांसाठीचा खास विमा. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक नीट ध्यानात घ्या. एका प्रकारात प्रत्येक गोष्टीची रक्कम ठरलेली असते; खाटेचे दिवसाला इतके, शस्त्रक्रियेचे इतके. बिल त्याच्या दहापट आले तरी कंपनी तेवढेच देते. दुसऱ्या प्रकारात आरंभीची ठरलेली रक्कम आपण भरावयाची, त्यापुढचा मोठा भाग कमाल मर्यादेपर्यंत कंपनी भरते. पहिल्याचा हप्ता कमी, म्हणून मुले कौतुकाने तोच घेतात. माझे मत स्पष्ट आहे. पासष्टीच्या पुढच्या माणसाने पहिला प्रकार घेऊ नये. एक भेट पुढे ढकलावी, पण दुसराच घ्यावा. वयाची सत्तर आणि ऐंशी ओलांडल्यावर या पॉलिसींची कमाल मर्यादा पुष्कळ खाली येते, तेव्हा हप्त्याच्या आधी मर्यादा पाहा.

दुसरी मेख जुन्या आजारांची. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे आपल्या वयाचे सोबती. पाहुण्यांच्या विम्यात हे आजार बहुधा वगळलेले असतात. काही पॉलिसींत जुना आजार एकाएकी उफाळला तर पैसे मिळतात. पण तो अकस्मात उफाळला पाहिजे, चोवीस तासांच्या आत उपचार सुरू झाला पाहिजे, आणि वयाची अटही असते. दुखणे हळूहळू वाढत गेले तर नाही. येथून निघण्यापूर्वी घ्यावयाचा जो प्रवासविमा आपल्या कंपन्या देतात, त्यातही जुन्या आजारासाठी बहुधा जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरतेच पैसे असतात.

आमच्या ओळखीच्या एक बाई लेकीकडे अमेरिकेत गेल्या होत्या. वय अडुसष्ट. एका रात्री पोटात दुखू लागले. विमा आहे, पण तो कसला आहे हे ठाऊक नाही. लेकीने नुकतेच घर घेतलेले. जावई स्वभावाने चांगले, पण शेवटी जावईच. बाईंनी ओवा खाल्ला, गरम पाण्याची पिशवी घेतली आणि चार दिवस एक शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी अंगात ताप भरला, डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा लेकीने रुग्णवाहिका बोलाविली. पित्ताशयातला खडा नळीत अडकून आत पू झाला होता. पहिल्या दिवशी गेल्या असत्या तर कदाचित दोन दिवसांत घरी आल्या असत्या, त्यांना अकरा दिवस राहावे लागले. विमा निघाला ठरलेल्या रकमेचा. बाई बऱ्या झाल्या, देवाची कृपा. परंतु ते बिल फेडता फेडता लेकीच्या घरात जो अबोला शिरला, तो त्यांना आजारापेक्षा जास्त लागला.

भगिनींनो, लेकीच्या घरचे पाणीसुद्धा न पिणाऱ्या आजीच्या आपण नाती. खर्चाच्या भीतीने दुखणे अंगावर काढणे आपल्या हाडीमाशी आहे. पुरुष निदान चिडचिड करतात, त्यामुळे घराला कळते तरी! आपण मात्र गप्प. म्हणूनच मी म्हणते की, पैशाचे बोलणे तिकिटापूर्वी व्हावे, मुलगा, सून, लेक, जावई सगळ्यांसमक्ष. मोठे आजारपण आले तर विम्याबाहेरचे कोण आणि कशातून भरणार, हे एकदा ठरले की रात्री दोन वाजता हाक मारताना जीभ अडखळत नाही.

आणि हाक मारलीच पाहिजे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला आलेल्या रोग्याची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. पैसे आहेत की नाहीत, नागरिक आहे की पाहुणा, हे पाहून परत पाठविता येत नाही. बिल मागाहून येते, हे खरे. ते आले की लगेच भरू नये. प्रत्येक बाबीची फोड मागावी. धर्मादाय दर्जाच्या रुग्णालयांना अडचणीतल्या रोग्यांसाठी सवलतीचे लेखी धोरण ठेवावे लागते. त्याचा अर्ज मागून घ्यावा. आणि दाखल होताना मुलांपुढे कागद ठेवले जातात, त्यांत “खर्चाची हमी मी घेतो” असे असेल तर वाचल्याशिवाय सही करू नये, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

ग्रीन कार्ड मिळाले की चिंता मिटली, असेही नाही. वृद्धांसाठीचा सरकारी विमा, मेडिकेअर, पासष्टी पूर्ण झालेल्या कार्डधारकालाही पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतरच घेता येतो. ज्यांनी किंवा ज्यांच्या जोडीदाराने तेथे दहा वर्षे नोकरी केलेली नाही, त्यांना रुग्णालयाच्या भागाचाही हप्ता पडतो. २०२५ साली तो महिना ५१८ डॉलरपर्यंत होता आणि डॉक्टरांच्या भागाचा १८५ डॉलर निराळा. म्हणजे एका माणसाचे सातशेच्या वर. मधली पाच वर्षे विमाबाजारातून पॉलिसी घेता येते. पूर्वी अगदी अल्प उत्पन्नाच्या नवागतांना त्यात सरकारी साहाय्य मिळे. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने दारिद्र्यरेषेखालील उत्पन्न असलेल्या अशा नवागतांचे ते साहाय्य २०२६ पासून गेले. तेव्हा चार वर्षांपूर्वी कुणाच्या आईला जे मिळाले, ते आपल्याला मिळेल असे धरून चालू नका.

कॅनडाची तऱ्हा निराळी. तेथे आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे. २०११ च्या अखेरीस तो सुरू झाला, आणि जुलै २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. परंतु निदान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा विमा दाखविल्याशिवाय तो मिळत नाही. नुसता भावपत्रकाचा कागद चालत नाही, पैसे भरल्याचा पुरावा लागतो. २०२५ च्या जानेवारीपासून तेथील नियामकाची मान्यता असलेल्या परदेशी कंपनीचा विमाही चालतो. सक्ती असल्यामुळे कॅनडाला जाणारी माणसे निर्धास्त असतात. पण तेथल्या पॉलिसींत एक शब्द असतो, “स्थिर”. जुना आजार विम्याच्या आरंभापूर्वी अमुक महिने, कोठे तीन तर कोठे सहा, स्थिर असला तरच त्याचे पैसे मिळतात. आणि स्थिर म्हणजे काय? गोळी बदलली, नवी सुरू केली, मात्रा वाढविली, एवढेच काय, पुष्कळ पॉलिसींत मात्रा कमी केली तरी आजार “स्थिर” राहात नाही! आपण आनंदाने सांगतो, डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी अर्धी केली. विमा कंपनी म्हणते, मग घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा डॉक्टरांकडची मोठी तपासणी आणि औषधांतले फेरफार निघण्याच्या सहा-सात महिने आधी उरकून घ्यावेत. मात्र मधेच त्रास झाला तर विम्यासाठी डॉक्टर टाळू नयेत. जाण्याची तारीख पुढे न्यावी.

ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या तात्पुरत्या व्हिसालाही विम्याची अट आहे. इंग्लंडात तातडीच्या विभागातले उपचार पाहुण्यालाही फुकट मिळतात, पण तेथून खाटेवर दाखल केले की पाहुण्याला ठरलेल्या दराच्या दीडपट आकार पडतो. सरकारी दवाखाना म्हणजे सर्वांना फुकट, हा समज तेवढा सोडून द्यावा.

विम्याच्या अर्जात आजार लपवू नका. “दोन गोळ्या तर घेते, त्यात काय लिहायचे?” असे म्हणून रक्तदाबाचा रकाना कोरा सोडलेले अर्ज मी पाहिले आहेत. कंपनी दाव्याच्या वेळी जुने कागद मागविते, आणि मग आजाराचा संबंध असो वा नसो, भांडण सुरू होते. अर्ज मुलाने भरला तरी सही करण्याआधी वाचून दाखवावयास लावा.

आता येथल्या पॉलिसीबद्दल. “वर्षातले आठ महिने तिकडेच असतो, येथला हप्ता कशाला भरायचा?” हा विचार फार महागात पडतो. गंभीर आजार निघाला की बहुतेक जणी उपचारांसाठी शेवटी येथेच येतात; गुडघा, मोतीबिंदू, हृदयाची शस्त्रक्रिया, सारे येथेच. मुदतीनंतरच्या सवलतीच्या दिवसांतही हप्ता भरला नाही तर पॉलिसी तुटते, आणि नवी घेतल्यास जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतरही नवी पॉलिसी मिळण्याची वाट मोकळी झाली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के कर गेला. तरी चालू पॉलिसीची सर नव्या पॉलिसीला नाही. हप्त्याची तारीख येथे राहणाऱ्या विश्वासाच्या माणसाजवळ लिहून ठेवा.

दात, चष्मा, कानाचे यंत्र यांचे काम बहुतेक पाहुणे-विम्यांत नसते. ते येथेच उरकून निघावे. औषधे मुक्कामाला पुरतील एवढी घ्यावीत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची नावे तिकडच्या दुकानदारास कळत नाहीत. विम्याचा क्रमांक आणि कंपनीचा चोवीस तासांचा दूरध्वनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात चिकटवावा. मुले कामावर गेलेली असताना तो फोनमध्ये शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

पुढील महिन्यापासून दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या वाचनालयात बसेन. ज्यांना जावयाचे आहे त्यांनी आपली पॉलिसी, आणि मुलांनी पाठविलेला कागद फोनमध्ये असेल तर तो छापून, घेऊन यावे. आपण ओळ न् ओळ वाचू. अक्षर फार बारीक असते, तेव्हा चष्मा आणावयास विसरू नका.