काचपेटीतील अनाहूत पाहुणे
(गोवंडी येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारिणीने आम्हांस दिली, तेव्हा पुढे जे ऐकावे लागेल त्याचा दोष काही अंशी कार्यकारिणीकडेही जातो. शिष्यवृत्तीचा निधी आणि वधूवरसूचक विभाग यांवर अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. आम्ही बोलणार आहोत ते समुद्रातील काही क्षुद्र जीवांविषयी. परंतु या क्षुद्र जीवांपायी आमच्या कुटुंबावर मोठे अरिष्ट येता येता टळले, म्हणून हा विषय आम्हांस संमेलनापुढे मांडावासा वाटला.

आमच्या पुतण्याला मत्स्यपालनाचा छंद आहे. 1951 साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आम्ही बालपणी वडिलांचे बोट धरून पाहिले. या मुलाने मात्र समुद्रच गोवंडीच्या दोन खोल्यांत आणला. दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम या प्रमाणात क्षार मिसळून तो पाणी तयार करतो. त्या काचपेटीत त्याने एक सच्छिद्र खडक ठेवला. असा खडक समुद्रातून ओला आणलेला असतो, आणि त्याच्या छिद्रांत बसून आलेले जीव आपल्या घरी उतरतात. कोणी बोलावलेले नसते, भाडे दिलेले नसते; आपल्या लोकलमध्येही असे प्रवासी आढळतातच.

पहिल्या आठवड्यात रात्री ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. काच तडकते आहे असे वाटून घरातील मंडळी जागी झाली. पाठोपाठ विजेरीच्या उजेडात एक लांब, दोन्ही बाजूंनी केस असलेला किडा दिसला, आणि खडकाच्या एका अंगाला तपकिरी गुंड्यांसारखे काहीतरी पसरलेले आढळले. शेजारच्या एका हितचिंतकाने सल्ला दिला, “खडक उकळून काढा, सारे मरेल.” पातेले चुलीवर चढणार, इतक्यात वहिनींनी स्वयंपाकाचे पातेले देण्यास साफ नकार दिला. त्या नकाराचे मोल आम्हांस दुसऱ्या दिवशी कळले.

या विषयातील एका जाणत्या स्नेह्यास आम्ही छायाचित्रे पाठविली. उत्तरात त्यांनी पहिली गोष्ट हीच विचारली की, खडक उकळला तर नाही ना? त्या तपकिरी गुंड्या पॅलिथोआ जातीच्या प्राण्यांच्या असाव्यात असा त्यांचा अंदाज होता. या वर्गातील काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिजहाल विष असते. हवाई बेटांवरील अशाच प्राण्यातून ते वेगळे काढल्याचे 1971 साली प्रसिद्ध झाले. खडक उकळल्याने अथवा गरम पाण्याने घासल्याने ते वाफेतून वा तुषारांतून श्वासात जाऊ शकते. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये अशा घटनांत सबंध कुटुंबे रुग्णालयात दाखल झालेली आहेत. खिडकी एक, माणसे पाच, आणि पाळण्यात तान्हे मूल. आमच्या त्या खोलीत काय झाले असते याची कल्पना करवत नाही. तेव्हा घरी असा खडक असेल त्याने तो उकळू नये, कोरडा घासू नये, आणि हातमोजे व चष्मा घातल्याखेरीज हाताळू नये. एवढे जरी आपण लक्षात ठेवले तरी आमचे येथे येणे सार्थकी लागले.

त्या दिवसापासून, ओळख पटल्याखेरीज हात लावायचा नाही, असा नियम घरात झाला. निरीक्षणाची रीत साधी आहे. विजेरीवर तांबडा कागद बांधावा, कारण बहुतेक जीव तांबड्या उजेडाला बुजत नाहीत. दिवे मालवून तासाभराने पाहावे. कोळीवाड्यातील एखादी मावशी टोपलीतील चिंबोरी नर की मादी हे पोट पाहून क्षणात सांगते. तशीच येथेही नजर कोठे टाकावी हे कळले की अर्धे काम होते.

केसाळ किड्याने आम्हांस सर्वाधिक घाबरविले आणि तोच उपयुक्त निघाला. या वर्गातील बहुतेक किडे उरलेसुरले अन्न खाऊन पेटी स्वच्छ ठेवतात. पुतण्याने आधीच चिमट्याने तसले बरेच काढून टाकले होते. पुढे खडकाखाली अन्न कुजले, पाणी बिघडले आणि दोन मासे दगावले. मात्र त्यांचे केस काचतंतूंसारखे त्वचेत रुततात, म्हणून उघड्या हाताने धरू नयेत. रुतलेच तर चिकटपट्टी लावून ओढावेत. खडकावरील पांढऱ्या, चक्राकार, इवल्या नळ्या निरुपद्रवी असतात. ठिपक्याएवढे उड्या मारणारे जीव तर माशांचे अन्नच होय.

खरा उपद्रवी पाहुणा म्हणजे आयप्टेशिया नावाचे पारदर्शक, तपकिरी समुद्रफूल. ते चिरडू पाहावे, तर मागे राहिलेल्या लहानशा तुकड्यातूनही नवे फूल उभे राहते. आम्ही एकाची सात केली, तेव्हा कोठे ही विद्या शिकलो! त्याच्या तोंडात सुईने चुन्याचा दाट लगदा सोडणे हा उपाय लागू पडतो.

उपद्रवी जीव काढल्यावर त्याचे काय करावे, हा प्रश्न गोवंडीकरांना अधिक लागू आहे. आपले नाले अखेर ठाण्याच्या खाडीला मिळतात, आणि ही खाडी 2022 पासून रामसर यादीतील संरक्षित पाणथळ आहे. मध्य अमेरिकेकडचा एक काळ्या पट्ट्यांचा शिंपला जहाजांना चिकटून आला. 1967 साली तो विशाखापट्टणमला आढळला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही पोहोचला. भूमध्य समुद्रात 1984 साली मोनॅकोच्या मत्स्यालयाखाली दिसलेले शेवाळ पुढे किनाऱ्यावर दूरवर पसरले. म्हणून काढलेला जीव नाल्यात टाकू नये. पिशवीत घालून बर्फपेटीत गोठवावा आणि मग केरात द्यावा. बर्फपेटीत त्यास जागा देण्याविषयी वहिनींचे मत येथे सांगत नाही.

एक गोष्ट आम्हांस लाजत सांगावी लागते. खडक कोठला, असे विचारता विक्रेता “बाहेरचा माल” एवढेच म्हणाला आणि आम्ही पुढे विचारले नाही. आपल्या देशात खडक बांधणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तसा खडक आपल्या किनाऱ्यावरून काढणे, विकणे, बाळगणे हा गुन्हा आहे. पाहुण्यांची चौकशी आम्ही भिंग लावून केली, परंतु ज्या वाहनातून ते आले त्याची केली नाही. पुतण्या नवी पेटी लावील तेव्हा ती मातीच्या भाजलेल्या खडकाची असेल, असे त्याने कबूल केले आहे.

राहता राहिला तो ‘टक्’ आवाज. असा आवाज दोघे करतात. पोटाशी दोन सारखे हात दुमडून बसणारा, देठावर डोळे असलेला एक शिकारी आहे. त्याचा तडाखा शिंपला फोडतो. दुसरी एक कोलंबी आहे, जिची एक नांगी दुसरीहून फार मोठी असते. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा निर्माण होतो, आणि तो फुटल्याचा हा आवाज, असे 2000 साली सिद्ध झाले. तीन रात्री आम्ही आणि पुतण्या तांबडी विजेरी घेऊन बसलो. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास खडकाखालून एक नांगी बाहेर आली, मोठी, एकटीच. दुसरी शोधावी लागली. वहिनींना उठवून दाखविले. त्या म्हणाल्या, “कोलंबीच ना ही? मग राहू द्या.” ती अद्याप आहे, आणि पाहुणे मंडळी मुक्कामास आली की आम्ही आधीच सूचना देऊन ठेवतो.