वाकळीतला एक तुकडा
(ट्रस्टच्या महोत्सवात खटकचिंचोळी येथे केलेले भाषण)



महोत्सवासाठी आपल्या भगिनी जी वाकळ शिवीत आहेत, तिच्यात प्रत्येक समाजाच्या उपासनेची खूण असलेला एकेक तुकडा आहे. त्यांत ज्यू समाजाचाही असावा असे सुचताच प्रश्न निघाला, "गावात ज्यूंचे एक घर नाही, मग हा तुकडा कशाला?" खरे सांगावयाचे तर प्रथम आम्हीही गप्प राहिलो. दूरदेशीच्या युद्धाच्या बातम्यांनी आमचेही मन कडवट झाले होते. परंतु माहिती न घेता मत बनविणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून वाचावयास बसलो.

कोकणातील बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे ते परंपरेने सांगतात. ते तेलाचा घाणा चालवीत, पण शब्बाथ पाळून शनिवारी बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. गावांवरून त्यांची दिवेकर, रोहेकर, पेणकर अशी आडनावे पडली. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याला लोक मशीदच म्हणत.

प्रेषित एलियाहूच्या नावाने ते गोड पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा करतात. त्याच प्रेषिताला आम्ही हजरत इलियास म्हणतो. आणि आमच्या दर्ग्यातही मलिदाच वाटतात! १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली, तरी तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. येथे राहिले ते थोडे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

आता सांगा, शेजाऱ्यांशी शतकानुशतके सलोख्याने राहिलेल्या या माणसांवर दूरच्या रणांगणाचा राग का काढावा? आपल्यावर कोणी असा राग काढला तर आपण त्याला अन्यायच म्हणू.

आमच्याकडे मराठीत वाकळ म्हणतात, कानडीत कौदी, ऊब एकच. त्या तुकड्यावर घाणा आणि मलिद्याचे ताट काढावे, एवढीच विनंती. कापडासाठी आमच्या आईची जुनी ओढणी आम्ही आणली आहे. टाका मात्र सर्वांनी मिळून घालावा.